तीन दिवस बाळाची छाती उघडी होती आणि मला कुणी सांगितलंच नाही

पत्र थोडक्यात: उत्तर गोव्यातली एक आई, वय 28, पहिलं बाळंतपण, सिझेरियन. दुसऱ्या दिवशी बाळ निळसर दिसायला लागलं, इको केल्यावर कळलं की हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जागाच अदलाबदल झालीय. नवरा बाळाला ॲम्ब्युलन्सने चोर्ला घाटातून कर्नाटकातल्या एका हॉस्पिटलात घेऊन गेला, ती टाके असल्यामुळे इथेच राहिली. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. नवरा रोज फोनवर "बरा आहे, झोपलाय" एवढंच सांगायचा. बाळ आता अडीच महिन्यांचं, घरी आहे, दूध पितंय, वजन वाढतंय. गेल्या आठवड्यात क्लेमच्या फायलीची झेरॉक्स काढताना डिस्चार्ज पेपरवर "डिलेड स्टर्नल क्लोजर" असं दिसलं, मग नवऱ्याच्या मोबाईलमध्ये फोटोही सापडला. ऑपरेशननंतर तीन दिवस छाती बंदच केली नव्हती. ती विचारते, ऑपरेशन बिघडलं होतं का? बाळाला किती दुखलं असेल? छातीचं हाड मधोमध वर आल्यासारखं लागतं, डॉक्टर बदलू का? सासूबाई म्हणतात ग्रहणात सुरी धरलीस म्हणून झालं. चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी न्यायचं म्हणतायत, तेल लावायला बाई बोलवायची म्हणतायत. आणि ज्या माणसाने एवढं लपवलं त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? "माझं बाळ तिकडे छाती उघडी घेऊन पडलं होतं आणि मी इथे उकड्या तांदळाची पेज जेवत होते" असं तिने लिहिलंय.

उत्तर:

बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुझ्या नवऱ्यावर चिडले, दुसऱ्यांदा जरा कमी चिडले, का ते पुढे सांगते.

आधी छातीचं बोलूया, कारण मला वाटतं तुझे निम्मे प्रश्न त्या एका फोटोतून निघालेत. तू धरूनच चाललीयस की छाती बंद केली नाही म्हणजे काहीतरी फसलं, सर्जनला जमलं नाही, अर्धवट सोडून दिलं. मी डॉक्टर नाही, पण 22 वर्षं मुंबईत लहान मुलांच्या हार्टच्या आयसीयूत सिस्टर म्हणून काढलीत, आणि अशी उघड्या छातीची बाळं इतकी सांभाळलीत की मोजणं कधीच सोडलं. नवजात बाळाच्या मोठ्या हार्ट ऑपरेशननंतर हे नेहमीच्या कामातलं आहे. मुद्दाम करतात.

का करतात ते घरातल्या गोष्टीवरून सांगते. रात्री आळसांदे भिजत घातलेस आणि डबा काठोकाठ भरून वर घट्ट झाकण दाबलंस तर सकाळी झाकण वर आलेलं असतं, आणि झाकण वर यायला जागाच दिली नाहीस तर आतल्या दाण्यांना फुगायला वाव राहत नाही. तुझ्या बाळाचं हृदय तेव्हा साधारण अक्रोडाएवढं. त्यातल्या दोन्ही मोठ्या वाहिन्या कापून अदलाबदल करून शिवायच्या, शिवाय हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक वाहिन्याही उचलून नव्या जागी बसवायच्या, आणि हे सगळं होईपर्यंत हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवायचं. ते रक्त तासन् तास प्लास्टिकच्या नळ्यांतून जातं, शरीराला वाटतं आपल्यावर हल्लाच झाला, मग बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि बाळ सुजतं. पापण्या सुजतात, हातपाय सुजतात, तसंच हृदय सुजतं आणि फुप्फुसंही जड होतात. त्यात भर म्हणजे थांबवून परत चालू केलेलं हृदय लगेच जोमात येत नाही, ऑपरेशननंतरचे पहिले 6 ते 12 तास ते सगळ्यात दुबळं असतं. अशा वेळी छातीचं हाड ओढून बांधलं तर त्या सुजलेल्या हृदयाला रक्ताने भरायलाच जागा उरत नाही, आणि जे भरलंच नाही ते पुढे ढकलणार काय.

कधी कधी सर्जन टेबलावरच हाडाच्या दोन्ही कडा जवळ आणून बघतात, मॉनिटरवर प्रेशर खाली यायला लागलं की सोडून देतात, म्हणतात आज नको. कधी बाळ फार लहान असतं नाहीतर ऑपरेशन फार लांबतं, तेव्हा आधीच ठरवलेलं असतं. रक्त झिरपत राहिलं तरी उघडी ठेवतात. तुझ्या बाळाच्या वेळी यातलं नेमकं कुठलं कारण होतं ते तुझ्या पत्रावरून मला सांगता येणार नाही, ते ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं. डिस्चार्ज पेपर वेगळा आणि ऑपरेशन नोट वेगळी, ती हॉस्पिटलकडे मागायची, मागितली की द्यावी लागते.

आता तो "उघडी" शब्द. तुझ्या डोळ्यासमोर काय आलं असेल याची मला कल्पना आहे. पण फोटो परत बघितलास तर दिसेल की मध्ये एक पातळ पडद्यासारखा तुकडा कातडीच्या कडांना शिवलेला आहे आणि त्यावरून पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण सील केलेली आहे. काही ठिकाणी नुसतं हाड मोकळं ठेवून वरची कातडी शिवतात, मग बाहेरून कळतही नाही. पडदा असला की त्याच्याखाली हृदय हलताना दिसतं, आणि ते पहिल्यांदा बघणं कुणालाच सोपं नसतं. मी चांगली ट्रेनिंग घेतलेली सिस्टर, तरी पहिल्या दिवशी भिंतीला धरून उभी राहिले होते, आमच्या हेड सिस्टरने मला पेशंटच्या आधी खुर्ची दिली.

दुखण्याचं विचारलंस. त्या दिवसांत बाळाला झोपेचं आणि वेदना मारायचं औषध ड्रिपमधून सतत चालू असतं, बहुतेक वेळा स्नायू ढिले ठेवायचं औषधही देतात म्हणजे बाळ हलू नये, आणि श्वास व्हेंटिलेटर घेत असतो. सिस्टर लोक हृदयाचे ठोके, प्रेशर, डोळ्यांतलं पाणी यावर नजर ठेवून असतात, जरा वाढलं की डोस वाढतो. म्हणजे नवरा फोनवर "झोपलाय" म्हणाला ते अगदीच खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं जास्त लागतं हेही मला कळतं.

धोका काहीच नव्हता असं मी म्हणणार नाही. छाती जितके दिवस उघडी तितकी इन्फेक्शनची भीती वाढत जाते, म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवतात आणि शक्य तितक्या लवकर बंद करायला बघतात. बंद कधी करायची ते कॅलेंडर बघून ठरत नाही. लघवी भरपूर होतेय का, सूज उतरतेय का, प्रेशरची औषधं कमी करता आली का, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडलं की वाढतं ते) खाली आलं का, हे बघतात. बहुतेक बाळांचं दोन ते पाच दिवसांत होतं, तुझ्या बाळाचं तीन दिवसांत झालं. बंद करायचं काम बऱ्याच वेळा आयसीयूतच, बाळाच्या पलंगावरच करतात, आणि बंद केल्यावर पुढचे काही तास कुणी जेवायला जात नाही कारण प्रेशर पडलं तर परत उघडावी लागते आणि एकदोन दिवसांनी परत प्रयत्न. तुझ्या बाळाने पहिल्याच खेपेला सहन केलं असेल तर ती चांगली खूण. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की नुसत्या त्या तीन शब्दांवरून ऑपरेशन बिघडलं असं म्हणता येत नाही, आणि जे बाळ अडीच महिन्यांत दूध पिऊन वजन वाढवतंय ते स्वतःच बरंच काही सांगतंय.

हाड वर आल्यासारखं लागतं त्याबद्दल. नवजात बाळाचं छातीचं हाड अजून बरंचसं कूर्चाच असतं, कोवळ्या काकडीसारखं, ते दोऱ्याने शिवतात आणि त्या दोऱ्याच्या गाठी बारीक मण्यासारख्या हाताला लागू शकतात. थोडा उंचवटाही राहू शकतो. पण मी इथून हात लावून बघू शकत नाही म्हणून चवथीच्या आधी फॉलोअप घे, नुसत्या फोनवर विचारू नको. आणि यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघत बसू नको, त्याच दिवशी दाखव: जखम लाल होणं, सुजणं, पाणी किंवा पू येणं, ताप 100.4 च्या वर, बाळ रडताना किंवा उचलताना हाड कट्कट् वाजणं किंवा दोन भाग वेगळे हलल्यासारखे वाटणं, दूध पिताना घाम येणं, मध्येच दमून सोडून देणं, श्वास जोरात चालणं, ओठ निळे पडणं. डॉक्टर बदलायचा प्रश्न तुझ्या मनात आला तो हाडामुळे आला की राग आल्यामुळे आला ते जरा तपासून बघ. ज्यांनी आतून हृदय बघितलंय त्यांचा फॉलोअप सोडू नये असं माझं मत. इथल्या हार्टच्या डॉक्टरला जोडीला दाखव, फाईल दोघांकडे राहू दे, घाट रोज रोज ओलांडता येत नाही. आणि हे दाखवणं एकदोन वर्षांचं काम नाही, या मुलांना मोठेपणीही हार्टच्या डॉक्टरकडे जात राहावं लागतं.

ग्रहणाचं मी एका वाक्यात उडवून लावू शकते पण उडवत नाही, कारण ते तुझ्या मनात रुतलंय. बाळाचं हृदय तयार व्हायचं काम पोटात पहिल्या दोन महिन्यांतच होऊन जातं, या वाहिन्यांची अदलाबदल झाली तीही तेव्हाच. तू लिहिलंयस ग्रहण लागलं तेव्हा सातवा महिना होता. म्हणजे तू सुरी धरलीस तेव्हा हे सगळं कधीच घडून गेलेलं होतं. आणि ग्रहण दुसऱ्या महिन्यात असतं तरी मी हेच म्हटलं असतं, पण सासूबाईंशी वाद घालताना हा हिशोब उपयोगी पडतो. जन्मणाऱ्या दर 100 बाळांत साधारण एकाच्या हृदयात काही ना काही दोष असतो आणि बहुतेकांचं कारण कुणालाच सापडत नाही. एक सुचवू? सासूबाईंना कधीतरी निवांत विचार की त्यांच्या माहेरी, सासरी कुणाचं बाळ असं निळं होऊन गेलं होतं का. हे वाहिन्या बदलायचं ऑपरेशन जगात पहिल्यांदा यशस्वी झालं ते 1975 मध्ये, ब्राझीलला. त्यांच्या लहानपणी आपल्याकडच्या वाड्यांवर अशी बहुतेक बाळं वर्षाच्या आतच जायची आणि लोक दिष्ट लागली, ग्रहण बाधलं म्हणून गप्प बसायचे, दुसरं कारण सांगणारं कुणी नव्हतंच. त्या तुझ्यावर आळ घेतायत हे चूकच, पण त्यांनी बघितलेलं कदाचित असंच काही असेल.

आता नवरा. त्याने सांगायला पाहिजे होतं. तू आई आहेस आणि तुझ्या बाळाची छाती उघडी आहे हे तुला माहीत असणं हा तुझा हक्क होता, यावर मला काही मागे-पुढे करायचं नाही. पण तू लिहितेस "त्याने मला फसवलं", तिथे मी जरा थांबते. तूच पुढे लिहिलंयस की तुझ्या आईने आणि सासूने दोघींनी त्याला फोनवर बजावलं होतं, बाळंतिणीला काही सांगू नको, दूध आटेल. (दूध असं आटत नाही. ताणामुळे त्या वेळेपुरतं उतरायला वेळ लागतो, पण जितकं काढत राहशील तितकं येत राहतं. हे मी आयसीयूच्या दारात शेकडो आज्यांना सांगितलंय आणि एकीलाही पटलेलं नाही.) मग तो एकटा, भाषा धड येत नाही, कागदांवर सह्या केल्यात, काचेपलीकडे ते दिसतंय, आणि संध्याकाळी सात वाजता तुला फोन करायचाय. मी असे बाप बघितलेत. जिन्याखाली जाऊन तोंड धुवून येतात, घसा खाकरतात आणि मग नंबर लावतात, "बरा आहे" म्हणतात, फोन ठेवतात आणि परत जिन्याखाली जातात. त्याने फोटो काढून ठेवला आणि अडीच महिने डिलीट केला नाही, हे तुला विचित्र वाटतंय. मला वाटतं त्याला कधीतरी तुला दाखवायचा होता, आणि रोज "आज नको" म्हणत राहिला. माझं चुकतही असेल, त्यालाच विचार.

पण विचारताना "का लपवलंस" असं सुरू करू नको, त्याला उत्तर एकच, "तुझ्यासाठीच", आणि मग भांडण. त्याला सांग, पहिल्या दिवसापासून सांग. ॲम्ब्युलन्स घाटात कुठे थांबली, ऑपरेशनला आत किती वाजता नेलं, बाहेर येऊन डॉक्टर काय म्हणाले, पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काय दिसलं, छाती बंद केली त्या रात्री तू कुठे झोपलास. डिस्चार्ज पेपर समोर ठेव, तारखा त्यात आहेत. तुला हे एकदा अखंड ऐकायला पाहिजे, कारण मला पत्रात राग कमी आणि तिथे नसल्याचं दुःख जास्त दिसलं. एका बैठकीत होणार नाही. मध्येच तो उठून स्कूटर पुसायला जाईल, जाऊ दे. आणि पुढे कुठलीही तपासणी, कुठलाही रिपोर्ट, दोघांना एकाच वेळी कळणार हे त्याच्याकडून कबूल करून घे, आईंच्या फोनचा त्यात संबंध नाही.

रात्री झोप लागत नसेल, तो फोटो बंद डोळ्यांनी पण दिसत असेल, बाळ श्वास घेतंय का म्हणून दहादा उठत असशील आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर फॉलोअपला बाळाबरोबर स्वतःचंही सांग. आयसीयूतून मूल घरी आणलेल्या आयांना हे होतं, आणि त्याला औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे.

चवथीचं म्हणशील तर मी माणसांत रमणारी बाई आहे, माटोळी (गणपतीच्या वर फळाफुलांचं छत) बांधल्याशिवाय मला वर्ष गेल्यासारखं वाटत नाही, पण यंदा मूळ घरी दीड दिवस बाळाला ठेवायला मी हो म्हणणार नाही. पावसाळा, घराघरात सर्दी खोकला, चाळीस माणसं, प्रत्येकाला बाळ हातात पाहिजे, वर फटाक्यांचा धूर. मोठ्यांची साधी सर्दी या बाळाला परत आयसीयूत नेऊ शकते. मधला मार्ग असा की डॉक्टरनी हो म्हटलं तर सकाळी गर्दी नसताना तासाभरासाठी न्या, देवासमोर गाऱ्हाणं घाला आणि परत या. बाळ तुझ्या किंवा नवऱ्याच्याच हातात, ज्याला बघायचंय त्याने हात धुवून लांबून बघावं. आणि हे सासूबाईंना तू सांगू नको, नवऱ्याला सांगायला लाव. तेव्हा जो बोलला नाही त्याला आता बोलायची संधी आहे. जमलं तर फॉलोअपच्या कागदावर डॉक्टरकडूनच "गर्दीत नेऊ नये" असं लिहून घे, आपल्याकडे सुनेच्या तोंडापेक्षा कागदाला जास्त मान.

तेल लावायच्या बाईला सध्या नाही म्हण. छातीचं हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, तुमचे ते होऊन गेलेत, तरी छातीवर दाब देऊन चोळणं, हात ओढून व्यायाम देणं, पालथं घालणं हे सर्जनने मोकळीक दिल्यावरच. हातापायांना तूच हलक्या हाताने लाव. आणि काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक हात बुडाखाली, फावड्यात घेतल्यासारखं. आजोबांना आणि शेजाऱ्यांच्या पोरींनाही तेच शिकव. ॲडमिट असताना कुठली लसीकरणं राहिली ते हेल्थ सेंटरमध्ये कार्ड दाखवून विचार, रक्त किंवा प्लाझ्मा दिला असेल तर तेही सांग, काही लसींची तारीख त्याप्रमाणे पुढे जाते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं बाळ आत्ता तिकडे असेल आणि आई इथे, तर दोन गोष्टी. आईला सांगा. चित्रासारखं वर्णन करून नको, साध्या शब्दांत, "सूज आहे म्हणून छाती दोनचार दिवस उघडी ठेवलीय, वर पट्टी आहे, झोपेचं औषध चालू आहे". सिस्टरला विनंती केली तर छातीवर कापड घालून व्हिडिओ कॉलवर चेहरा आणि पाय दाखवतात, निदान आम्ही दाखवायचो. डॉक्टरना रोज तेच विचारा, लघवी किती, औषधं कमी झाली का, लॅक्टेट काय, बंद करायचा विचार कधी, आणि उत्तर तसंच्या तसं व्हॉईस मेसेजने आईला पाठवा. दुसरं म्हणजे आईने दूध काढत राहावं, दिवसरात्र मिळून आठेक वेळा तरी. माझ्या या पत्रलेखिकेने काढून काढून सिंकमध्ये ओतलं कारण साठवता येतं हे कुणी सांगितलंच नाही, ते वाचून मला फार वाईट वाटलं. ते कसं साठवायचं, किती वेळात वापरायचं ते हॉस्पिटलला विचारा, प्रत्येकाचा नियम वेगळा असतो. बर्फाच्या डब्यातून बेळगावला मासे जातात, तर दूध का जाणार नाही.

एक राहिलं, बाय. तो फोटो परत उघडशील तेव्हा छातीकडे बघू नको, पायाकडे बघ. आयसीयूत बाळाचं नाव नसतं, घोट्याच्या पट्टीवर, पलंगावर, चार्टवर, अगदी औषधाच्या सिरिंजवरही आम्ही "बेबी ऑफ" लिहून पुढे आईचं नाव लिहितो. झूम करून वाच.